टाका कोठे चुकला?



‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण तुम्ही निबंधात अनेकदा वापरली असेल. मला ती अर्धीच खरी वाटते. पुढचा माणूस ठेचाळला एवढे पाहून मागच्याला काय कळणार? दगड कोणता आणि तो वाटेत नेमका कोठे होता, हे दिसले तरच मागचा शहाणा होईल. एरवी तोही त्याच दगडावर आपटेल. ‘माणूस चुकांतून शिकतो’ हे वाक्यही असेच आहे. तीच चूक शंभर वेळा करून काहीही न शिकलेली माणसे आपण रोज पाहतो. चुकीचे ठिकाण सापडावे लागते, आणि ते सापडण्यासाठी चुकीची खूण शिल्लक असावी लागते. आपल्या शाळांतून मात्र आपण ती खूणच आधी पुसून टाकतो, ही माझी तक्रार आहे. ती मांडण्यासाठी प्रयोगशाळेतील मोठे उपकरण लागत नाही. विणकामाच्या दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा पुरे.

बीड जिल्ह्याला थंडीचा जिल्हा कोणी म्हणणार नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत बालाघाटाच्या पठारावर पहाटेचा पारा कधी कधी १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथे तोडणी उजाडण्यापूर्वी सुरू होते. त्या वेळी उसाचा पाला दवाने ओला असतो. आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या लहान मुलाच्या अंगात स्वेटर असणे ही काही हौस नव्हे. समजा, नववीत शिकणारी एक बहीण अशा धाकट्या भावासाठी स्वेटर विणायला बसली आहे. दसरा ते दिवाळी वीस दिवस तिच्या हाती आहेत. अडीचशे-तीनशे ग्रॅम लोकर पैसे मोजून आणलेली आहे. दुसऱ्यांदा आणता येणार नाही. स्वेटर भावाच्या अंगात गेला नाही, तर ‘चुकांतून शिकलो’ म्हणून त्याची थंडी भागणार नाही. तेव्हा तिला चूक लवकर सापडली पाहिजे. (मुलांनो, हे मुलींचे काम म्हणून पान उलटू नका. विणकामाचे पहिले यंत्र एका पुरुषाने, तेही एका पाद्र्याने बनवले. त्याची हकीकत पुढे येतेच आहे.)

प्रथम विणलेले कापड असते कसे ते पाहू. तुमच्या घरी घोंगडी असेल तर तिच्या काठाजवळ निरखून पाहा. लांबीच्या दिशेने ताणा असतो आणि त्याच्या वरखालून आडवा बाणा गेलेला असतो. ताण्याचे शेकडो धागे चिंचोक्याची खळ लावून मागावर ताणलेले असतात. त्यातील एखादा तुटला आणि विणकराने तो लगेच सांधला नाही, तर ती चूक पुढे कापडभर धावत जाते. घोंगडी तयार झाल्यावर ती उलगडून पुन्हा एक सलग धागा मिळवणे मात्र शक्य नसते. स्वेटरची गोष्ट वेगळी. त्याच्या एकेका भागात बहुतेक एकच धागा नागमोडी फिरलेला असतो. प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक फास. तो खालच्या फासातून ओवलेला असतो, आणि त्याला वरच्या ओळीतला फास धरून ठेवतो. सुलट टाका आणि उलट टाका अशी दोन नावे असली तरी फास एकच आहे. एका बाजूने पाहिले की सुलट, दुसऱ्या बाजूने पाहिले की उलट. सर्व फास एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे धागा ओढला की विणकाम आल्या वाटेने परत जाते, फासामागून फास, शेवटचा आधी. याला आपण ‘उसवणे’ म्हणतो. खोडण्यात आणि उसवण्यात मोठा फरक आहे. खोडले की झिजलेला कागद तेवढा राहतो. उसवताना मात्र तुम्ही चूक जेथे झाली त्या ठिकाणापर्यंत डोळ्यांदेखत चालत जाता, आणि धागाही तुमच्या हातात परत येतो.

आता आपल्या ताईच्या स्वेटरकडे वळू. भावाच्या छातीचा घेर ६४ सेंटिमीटर आहे. आत सदरा असणार आणि पोर वाढते आहे, म्हणून तिने स्वेटरचा घेर ७२ सेंटिमीटर धरला. पाठ ३६ आणि पुढचा भाग ३६. शेजारच्या काकूंनी सांगितले, “दहा सेंटिमीटरला वीस टाके बसतात.” तिने ७२ टाके सुईवर घातले. हिशेब बरोबर आहे. पण काकूंचा हात सैल आणि हिचा घट्ट! हिच्या हातून दहा सेंटिमीटरला बावीस टाके पडतात. मग ७२ टाक्यांची पाठ भरते ३२.७ सेंटिमीटर, आणि पूर्ण घेर होतो ६५.४. भावाच्या छातीला जेमतेम पुरेल. सदऱ्यावरून तो चढणार नाही. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, आणि सबंध स्वेटर वाया. अशी चूक एका टाक्यात दिसत नाही, कारण प्रत्येक टाका स्वतःपुरता अगदी बिनचूक असतो. विज्ञानात हिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. ती प्रत्येक वेळी त्याच दिशेने होते, म्हणून कितीही टाके घातले तरी ती कमी होत नाही.

यावर उपाय असा, की स्वेटर सुरू करण्यापूर्वी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, आपल्याच हाताने एक लहान चौकोन विणून पाहायचा. अनुभवी बायका हे करतात. नवशिक्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. चौकोन मोजण्यातही मेख आहे. दोनच सेंटिमीटरमधील टाके मोजले आणि अर्ध्या टाक्याची चूक झाली, तर चारच्या जागी साडेचार येतील. म्हणजे साडेबारा टक्के फरक! तेवढीच अर्ध्या टाक्याची चूक दहा सेंटिमीटरमध्ये झाली, तर विसाच्या जागी साडेवीस येतील. म्हणजे फक्त अडीच टक्के. लंबकाच्या प्रयोगात आपण एका आंदोलनाचा वेळ न मोजता वीस आंदोलनांचा का मोजतो, ते आता वेगळे सांगायला नको. चौकोनाच्या कडा वळतात आणि ताणल्या जातात, म्हणून मोजमाप मधल्या भागातच घ्यावे.

आता त्या पाद्र्याची हकीकत. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्यात एका इंचात आठ टाके पडत. मोजे झाले जाडेभरडे. असे सांगतात की, एलिझाबेथ राणीला ते पसंत पडले नाहीत आणि तिने हक्काचा परवाना नाकारला. लीने दोष नेमका ओळखला. यंत्राची कल्पना चुकलेली नव्हती. इंचातील टाक्यांची संख्या कमी पडत होती. पुढील काही वर्षांत त्याने इंचाला वीस टाक्यांचे यंत्र बनवून रेशमी मोजे विणले. परवाना त्याला तरीही मिळाला नाही, आणि शेवटी तो फ्रान्सला गेला. चूक सुधारली की बक्षीस मिळते, असे पाठ्यपुस्तकातील गोष्टींत घडते. प्रत्यक्षात तसे दरवेळी घडत नाही. मात्र त्याची यंत्रे पुढे शेकडो वर्षे मोजे विणत राहिली.

दुसऱ्या जातीच्या चुका एखाद-दुसऱ्या ठिकाणीच होतात. त्या शोधण्यासाठी विणकाम ‘वाचता’ यायला हवे, आणि यातच खरी मौज आहे. सुईवर ७२ टाके हवेत. मोजले तर ७३ भरले. हा एक टाका आला कोठून? मध्येच लहानसे भोक दिसत असेल, तर तेथे धागा नकळत सुईवरून गेला आणि पुढच्या ओळीत तोच टाका समजून विणला गेला. भोक नाही, पण काठ रुंदावत चालला आहे? मग ओळीच्या आरंभी धागा सुईवरून मागे ओढला गेला असणार. त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. नवशिक्यांचा चौकोन पाहता पाहता समलंब होतो तो असा. ७१ भरले, तर दोन टाके एकत्र विणले गेले असतील किंवा एखादा सुईवरून गळला असेल. गळलेला टाका वाट पाहत नाही. त्याला वरून धरणारा कोणी उरलेला नसतो, म्हणून तो खाली घसरतो. मग त्याच्या खालचाही सुटतो, आणि उभ्या रेषेत शिडी पडत जाते. क्रोशाची सुई घेऊन शिडीची एकेक पायरी फासातून वर ओढत आणली की ती पुन्हा मिटते. त्यासाठी सबंध ओळ उसवावी लागत नाही. कधी मोजणी अगदी ७२ असते, पण एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते. याचा अर्थ ओळ अर्धी विणून कोणीतरी जेवायला उठले, आणि परत आल्यावर उलट्या दिशेने विणायला लागले!

आणखी एक वस्ताद चूक सांगतो. एका ठिकाणी एक टाका वाढला आणि दुसरीकडे एक गळला. मोजा, ७२ भरतील! बेरीज जुळली म्हणून दोन्ही चुका लपून राहतात. परीक्षेत दोन चुका एकमेकींना मारून बरोबर उत्तर आलेले तुम्ही पाहिले असेल. अशा उत्तराला पूर्ण गुण मिळाले, तर नुकसान विद्यार्थ्याचेच होते. म्हणून टाके मोजावेत आणि कापडही पाहावे.

चूक किती लवकर पाहावी, याचाही हिशेब करता येतो. ताई मिनिटाला वीस टाके विणते असे धरू. विसाव्या ओळीतली चूक साठाव्या ओळीला दिसली, तर ४० गुणिले ७२ म्हणजे २,८८० टाके उसवायचे आणि पुन्हा विणायचे. दोन तास चोवीस मिनिटे गेली. तेच दर चार ओळींनी एक मिनिट थांबून टाके मोजले, तर फार तर २८८ टाके, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचे काम वाया जाईल. मोजणीसाठी थांबणे ज्यांना कंटाळवाणे वाटते त्यांच्या बाबतीत पहिले पाढे पंचावन्न. काही जणी आणखी एक युक्ती करतात. दर वीस-पंचवीस ओळींनी वेगळ्या रंगाचा दोरा एका ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवतात. मग उसवताना विणकाम त्या दोऱ्याच्या खाली सुटत नाही.

प्रत्येक चूक उसवलीच पाहिजे, असेही मी म्हणणार नाही. काखेत लपणारा एखादा उलट टाका राहू द्यावा. दिवाळी तोंडावर आली आहे. माप चुकले असेल तर मात्र हात आखडू नये. काही चुका उसवताच येत नाहीत, त्या आधीच माहीत असाव्यात. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम साबणपाण्यात चोळल्यावर तंतू एकमेकांत घुसतात आणि खवल्यांमुळे परत सुटत नाहीत. स्वेटर आटतो तो कायमचा. बाजारात मिळणारी पुष्कळशी ‘लोकर’ प्रत्यक्षात अॅक्रिलिक असते. ती अशी आटत नाही, पण गरम इस्त्रीखाली तिचे टाके चपटे होऊन निर्जीव पडतात. ‘करून पाहा’ हा सल्ला येथे तुकड्यावर पाळावा, सबंध स्वेटरवर नव्हे.

चूक बारकाईने पाहिली तर ती कोठवर नेते, त्याचे एक उदाहरण क्रोशाकामात आहे. क्रोशाचा गोल रुमाल विणताना दर फेरीला किती टाके वाढवावेत? फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ तिच्या २π पट, म्हणजे सुमारे ६.२८ पट वाढला पाहिजे. टाका जेवढा उंच तेवढाच रुंद असेल, तर दर फेरीला सहा टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर रुमालाची टोपी होते. जास्त वाढवले तर काठाला झालर येते आणि रुमाल काही केल्या सपाट पसरत नाही. घरोघरच्या शिकाऊ मुलींनी ती झालर चूक म्हणून उसवली असेल. कॉर्नेल विद्यापीठातील मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये ती मुद्दाम विणली. ठराविक टाक्यांमागे एक जादा, असे त्या वाढवत गेल्या. त्यामुळे टाक्यांची संख्या अंकगणिती श्रेढीने न वाढता भूमिती श्रेढीने वाढली, आणि हातात धरता येईल असे अपास्तीय प्रतल तयार झाले. रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला एकाहून अधिक समांतर रेषा जाऊ शकतात अशी ही भूमिती. त्याआधी तिची कागदी प्रतिरूपे करीत. ती हाताळताना फाटत.

आता शाळेकडे येतो. आपल्या प्रयोगवह्या पाहा. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची किंमत काढायची असते. पुस्तकात ९.८१ छापलेले असते, म्हणून वहीत ९.८१ येते, वर्गातील सगळ्यांच्या वह्यांत येते. निरीक्षणे पेन्सिलीने लिहायची, गणित उलटे करायचे, न जुळणारी खोडरबराने पुसायची आणि मग शाईने गिरवायची. गंमत अशी की, बीड विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे खरी किंमत ९.७८च्या जवळ आहे. शाळेतल्या लंबकाला एवढा बारीक फरक सहसा कळत नाही, हे खरे. पण मग प्रामाणिक उत्तरे ९.६, ९.७, ९.९ अशी विखुरलेली यायला हवीत. सगळ्या वह्यांत ९.८१ येणे म्हणजे त्या उत्तराला लंबकाने हातही लावलेला नाही.

पुसलेल्या आकड्यांबरोबर काय जाते ते पाहा. एका मुलाला २५ सेंटिमीटर लांबीला ९.३३, ५० ला ९.५५ आणि १०० ला ९.६६ असे उत्तर आले. तिन्ही चुकीची! पण ती शेजारी शेजारी ठेवली की दिसते, लांबी वाढते तशी चूक कमी होते आहे. म्हणजे लांबीतच काहीतरी ठराविक सुटले आहे. त्याने दोरा गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजला आणि १.२ सेंटिमीटर त्रिज्या धरलीच नाही. दुसऱ्या मुलीचे उत्तर प्रत्येक लांबीला १०.८४ येते. तिने आंदोलने मोजताना ‘शून्य’ म्हणण्याऐवजी ‘एक’ म्हणून घड्याळ सुरू केले. प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने झाली, आणि २० भागिले १९ याचा वर्ग १.१०८ होतो. गुणाकार करून पाहा. ही दोन्ही मुले ९.८१ लिहिणाऱ्या सगळ्या वर्गापेक्षा लंबक अधिक समजली आहेत. आपल्या गुणपद्धतीत मात्र तीच मागे पडतात.

शिक्षकबंधुभगिनींना माझी सूचना साधी आहे. प्रयोगवहीत खोडरबराला बंदी करावी. चुकलेल्या निरीक्षणावर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, आणि कारण सापडल्यास समासात लिहायचे. दहापैकी तीन गुण त्या कारणासाठी ठेवावेत. कार्यानुभवाच्या तासाला विणकाम असेल, तर पूर्ण झालेला स्वेटर तपासू नये. तो पुष्कळदा आईने विणलेला असतो, आणि परीक्षकालाही ते ठाऊक असते. त्याऐवजी मापाचा चौकोन, त्यावरून मांडलेला हिशेब आणि अर्धवट विणलेली पाठ तपासावी. तीत दर चार ओळींची मोजणी लिहिलेला कागद टाचलेला असावा. ‘वर्गात साठ मुले आहेत, इतके वाचायचे कोणी?’ असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण साठ एकसारख्या वह्या तपासण्यात आज जो वेळ जातो, त्यातून तरी काय कळते? दरवेळी दहाच वह्या नीट वाचाव्यात, कोणत्या ते आधी सांगू नये. सुबकपणाचा मी शत्रू नाही. एका सरळ रेघेने खोडलेला आकडा मला तरी गबाळा दिसत नाही.

लोकर वाया जाईल, या पालकांच्या भीतीला मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण ती पैशाची गोष्ट आहे. उसवलेला धागा कुरळा झालेला असतो. तसाच विणला तर टाके ओबडधोबड येतात. तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करावी आणि चार ठिकाणी सैल बांधावी. कोमट पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत टांगावी आणि खाली थोडे वजन लावावे. वाळल्यावर धागा बराच सरळ होतो. गेल्या वर्षीचा तोकडा झालेला स्वेटर असाच उसवून, त्यात थोडी नवी लोकर घालून, यंदाचा मोठा विणण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. फक्त विणायला बसण्यापूर्वी मापाचा चौकोन पुन्हा विणा. एकदा वापरलेला धागा किंचित ताणलेला असतो, आणि दहा सेंटिमीटरमधील टाक्यांची संख्या बदललेली असू शकते. जुनी संख्या खोडू नका. तिच्या शेजारी नवी लिहा आणि तारीख घाला.